ताई गिळेल ती कॉफी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज थुंकली ताई माझ्या बाहीवर! भांडं पुढे करायला मला अंमळ उशीर झाला.

"धार तीनदा तुटली," म्हणाली. "बादली उपडी केल्यासारखी ओततेस. ठोंबी ती ठोंबीच राहिलीस."

डोळे गेले तिचे, कान नाही गेले. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून स्वयंपाकघरातली पाण्याची धार ऐकते. बारीक, सलग, सहा मिनिटं – कापडी गाळणीतल्या पावडरीवर किटलीने गोल गोल ओतत राहायचं, हात थरथरू द्यायचा नाही. नऊ वर्षं ओतते आहे. आता उजवं मनगट ऐकेनासं झालंय. तिसऱ्या मिनिटाला असं लटपटायला लागतं की जणू दुसऱ्याच कुणाचं आहे.

बाही धुतली. डाग गेला. कॉफीचा डाग लगेच धुतला तर जातो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. डॉक्टरांनी तारीख दिली – पाच मार्च, ऑपरेशन करूनच बाळ काढणार. मागच्या वेळचा अनुभव बघता वाट बघायची नाही म्हणाले.

"येशील का," असं विचारलंच नाही तिने. "तुला कळवावं म्हणून केला," म्हणाली. मी म्हटलं, येणार मी! ती म्हणाली, "बरं."

दुकानदाराला म्हणतात तसं 'बरं'.

तिची चूक नाही. तीन वर्षांपूर्वीही मी येणार म्हणाले होते. पिशवी भरून निघाले, निम्म्या वाटेत शेजाऱ्यांचा निरोप – ताईने दोन दिवस तोंडात काही घेतलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हातची कॉफी घशाखाली उतरत नाही तिच्या, आणि कॉफी उतरल्याशिवाय अन्न घेत नाही. मी अर्ध्यातून उलट फिरले. इकडे मी धार धरून उभी, तिकडे लेकीची मुलगी जन्माला आली आणि दुसऱ्या दिवशी गेली. माझ्या पोरीजवळ नर्सशिवाय कुणी नव्हतं. जावई कागदांवर सह्या करत फिरत होता.

यावेळी जाणार. काय वाटेल ते होवो.

५ फेब्रुवारी, बुधवार

घाईबाईला विचारलं. सकाळी केर-भांडी करायला येते ती – सदा घाईत, म्हणून हे नाव आम्ही बहिणींनीच ठेवलंय. (दोघी मिळून हसलो अशी ती एकच गोष्ट असेल.)

"दिवसभर राहीन, मावशी. मोठ्या बाईंना न्हाऊ-माखू घालीन, शिव्या खाईन. पण ती किटली घेऊन सहा मिनिटं पुतळ्यासारखी उभी नाही राहणार. सहा मिनिटांत मी दोन खोल्या पुसते!"

"आणि नुसतं बटण दाबायचं असेल तर?"

"बटण काय, दहा दाबीन."

तेव्हा मशीन घ्यायचं ठरलं. वरून पाणी ठिबकतं, खाली कॉफी जमते, तसलं. दवाखान्यात बघितलंय, पण ते कळकट होतं.

दुपारी ताईला सांगितलं. बराच वेळ हसली.

"आण की! मशीनला निदान संधिवात नसतो. एक घोट गिळण्यासारखा निघाला तर जा, खुशाल महिनाभर रहा. नाही निघाला तर इथेच." आणि हात पुढे केला, सौदा पक्का करतात तसा. मी हात दिला. तिने मुद्दाम मनगट दाबलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईचं 'गिळणं' काय असतं ते लिहून ठेवते. उद्या माझ्या माघारी कुणी वाचलं तर वेडीच समजतील दोघींना.

कॉफीच्या वखारीत तीस वर्षं ताईची जीभ चालली. चमचाभर कॉफी फुर्रकन ओढायची, तोंडात फिरवायची, आणि पितळेच्या उंच भांड्यात थुंकायची. दिवसाला साठ-सत्तर पेले. ती म्हणेल ते पोतं पास, ती म्हणेल ते परत. तिथे चांगलं-वाईट सगळंच थुंकायचं असतं. घरी मात्र तिचा नियम असा – आवडली तर गिळायची, नाही तर थुंकायची. ते पितळी भांडं तिने नोकरी सुटताना मागून आणलं. लोकांना घड्याळ मिळतं.

ती थुंकली की मी पुन्हा करायची. दुसऱ्या खेपेची ती तोंड वेडंवाकडं करत पिते. पहिल्या घोटाला गिळलेली मला तरी आठवत नाही.

मीही त्याच वखारीत होते. खालच्या मजल्यावर, दाणे निवडायला. काळे, फुटके, किडके बाजूला काढायचे. शाळा माझी तिसरीत सुटली, तिची सुटू नये म्हणून. वाचायला मी पोत्यांवरच्या अक्षरांवरून शिकले. ती वरून जिना उतरायची तेव्हा मला ओळख देत नसे. एकदा साहेबांनी विचारलं, ही तुमची कोण? "निवडणाऱ्यांपैकी आहे," म्हणाली.

पुरे. मशीनचं लिहायचं सोडून कुठे वाहवले!

८ फेब्रुवारी, शनिवार

शेजारच्या टपालमास्तरांचं मशीन मागून आणलं. काचेचा जग, खाली तापणारी तबकडी. कॉफी झाली तेव्हा वास बरा होता. पण ताई न्हाऊन येईपर्यंत अर्धा तास गेला, आणि तबकडीवर जग तापतच राहिला.

फुर्र – थू!

"ही कॉफी नव्हे, शिक्षा आहे. कुणाला फाशी देण्याआधी पाजायची का?"

टपालमास्तर दारातच उभे होते. बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. "माझ्या बायकोला आवडायची हो," म्हणाले.

"म्हणूनच लवकर गेली," ताई म्हणाली.

जिभेला हाड नाही म्हणतात, हिच्या जिभेला काटे आहेत.

शिकले ते असं: तबकडी नको. थर्माससारखा दुहेरी भिंतीचा जग हवा. कॉफी एकदा झाली की पुन्हा तापवायची नाही.

आणखी एक. फिल्टरची टोपली उघडून बघितली तर पावडरीला मधोमध खड्डा, कडेची पावडर कोरडी ठणठणीत! वरून पाणी एकाच भोकातून पडत होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुकान. मालक तरुण आहे, बोलका.

"आजी, हे बघा, चौदा प्रकारे कॉफी करतं."

"मला एकाच प्रकारे हवी."

"फोनवरून चालू करता येतं, आजी! तुम्ही अंथरुणात, कॉफी तयार!"

"मग मी उठू कशाला? आणि बाळा, हे सपाट बटण आंधळ्या माणसाला सापडायचं कसं?"

त्याने डोकं खाजवलं. मी एकेका मशीनचं झाकण उघडून पाणी सोडणारी झारी बघितली – कुठे एक भोक, कुठे तीन. पाणी किती गरम होतं विचारलं तर म्हणे, "गरम म्हणजे गरमच की, आजी!" पिशवीतून स्वयंपाकाचा थर्मामीटर काढला, तेव्हा त्याने मला बसायला स्टूल दिलं.

दोन तास बसले. सगळी मशीनं त्याने नुसत्या पाण्यावर चालवून दाखवली. गिऱ्हाईकं गोळा झाली. एक बाई म्हणाली, "कसली परीक्षा आहे, काकू?" म्हटलं, परीक्षा माझी आहे, ही नुसती पुस्तकं.

एक घरी आणलं. नाही पटलं तर आठ दिवसांत परत कर म्हणाला. देव भलं करो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

थुंकली. "आंबट. दाणे कोमट पाण्यात न्हाऊन आलेत."

थर्मामीटर घातला – ब्याऐंशी! दुकानात एकदा चालून तापलेलं होतं म्हणून ब्याण्णव दिसलं, सकाळच्या थंड मशीनला तेवढं झेपत नाही. जीभ तिची, काय बोलणार! थर्मामीटरपेक्षा आधी सांगितलं तिने.

परत केलं. पाणी पहिल्या थेंबापासून ब्याण्णव ते शहाण्णव पाहिजे. त्याखाली आंबट, त्यावर कडू.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं आणलं. हे मशीन मला मनापासून आवडलं. झारीला नऊ भोकं, सगळ्या पावडरीवर सारखं पाणी. टोपली तळाला सपाट. आधी जरासं पाणी सोडतं, पावडर फुगू देतं, मग बाकीचं. थर्मासचा जग. पाच मिनिटं चाळीस सेकंद. चौऱ्याण्णव अंश. बटण एकच, उंच, टक्कन वाजणारं. मी असते तर हिशेब तिथेच संपवला असता!

फुर्र. थू.

"कागद."

फिल्टरचा कागद आधी गरम पाण्याने विसळायचा राहिला होता. माझीच चूक.

मी म्हटलं, ताई, उद्या विसळून घालते. दिवस थोडे राहिलेत.

"कसली घाई? मागचं एकच दिवस टिकलं. एका दिवसाच्या पाहुण्याला आजी लागते कशाला?"

जग खाली ठेवला. हातातून सुटू नये म्हणून ठेवला. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

१६ फेब्रुवारी, रविवार

"भरड जाड." थुंकली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

"आता बारीक." थुंकली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कॉफी दळायची दळणी एक दात मागे घेतली. पावडर मोजून घातली. कागद दोनदा विसळला. मशीनमधून पहिल्यांदा नुसतं पाणी फिरवून घेतलं. टपालमास्तरांना दिली, घाईबाईला दिली. घाईबाई चक्क खाली बसून प्यायली! दोन वर्षांत तिला बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

ताईने तोंडात फिरवली. फिरवतच राहिली.

थुंकली.

"काय कमी आहे, ताई? एवढं तरी सांग."

"कमी काही नाही. पण तू केली असतीस तर आणखी वाईट झाली असती, एवढंच बघत होते."

म्हणजे चांगली होती! चांगली होती आणि थुंकली!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला फोन केला. स्वयंपाकघराचं दार लोटून, हळू आवाजात. म्हटलं, अजून मशीन पास होत नाहीये गं, पण मी बघते काहीतरी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आई," म्हणाली, "तू कॉफी कर. मी बाळ करते."

आणि ठेवला. मग मला आवरेना. ओट्याला टेकून तोंडात रुमाल कोंबून रडले, या वयात, लहान पोरीसारखी. बाहेर आले तर ताई खुर्चीत तशीच, तोंड दाराकडे.

"कांदा चिरत होतीस का?" म्हणाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आधी हे लिहून टाकते.

सकाळी डोकं ठिकाणावर नव्हतं. कागद विसळला, टोपली बसवली, पाणी भरलं, बटण दाबलं. थर्मासमधून तिच्या तपकिरी कपात ओतली, खिडकीबाहेर बघत. पितळी भांडं दुसऱ्या हातात धरून उभी राहिले.

फुर्र. तोंडात फिरवली.

गिळली!

दुसरा घोट. गिळला. कप रिकामा केला, पालथा धरून दाखवला.

"जमली," म्हणाली. "हेच ठेव. जा आता लेकीकडे. सौदा म्हणजे सौदा."

मला हसावं की रडावं कळेना. तिच्या पाया पडायला निघाले होते मी! आधी वाटलं, आपणही पिऊन बघावी कशी झालीय. स्वतःच्या कपात ओतली.

पाणी.

नुसतं गरम पाणी. टोपली उघडली – कागद पांढरा स्वच्छ. पावडर घालायचीच विसरले होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

नऊ वर्षांपूर्वी ताई जिन्यावरून पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला मागून मार आहे, वास आणि चव कदाचित जाईल. मग ती दुसऱ्याच दिवशी कॉफीवर थुंकली आणि म्हणाली, शिळी पावडर आहे. डॉक्टर हसले. मीही हसले – म्हटलं, वाचली ताईची जीभ!

तर ती तेव्हाच मेली होती. मेलेल्या जिभेने नऊ वर्षं मला नाचवलं. मशीनच्या वेळी थर्मामीटर काय, कागद काय – अंदाजाने ठोकून दिलेलं, तीस वर्षांच्या सवयीने. सगळं नाटक. आणि या नाटकापायी मी अर्ध्या वाटेतून मागे फिरले. नात माझी. तिचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी.

आजही पाणीच दिलं. मुद्दाम. "छान," म्हणाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घाईबाईला सांगून टाकलं. आधी विश्वास बसेना. मग समोर बसून बघितलं – ताई पाणी ओढतेय, फिरवतेय, मान डोलावतेय! घाईबाई तोंडात फडकं धरून मोरीकडे पळाली.

"मावशी, वाईट दिसतं हे. थोडी तरी पावडर घाला."

"का? चव कळतेय कुणाला? मी घालणार नाही."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. अगदी ताईसारखा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज टपालमास्तरांना बोलावलं, बघायला. हो, मीच बोलावलं.

ताईला पाणी दिलं आणि गोड आवाजात विचारलं, "ताई, मास्तरांना सांग ना, दाणे कुठले असतील?"

तिने घोट फिरवला. गिळला. "उंचावरचे," म्हणाली. "सावलीत वाढलेले. सावकाश वाळवलेले. घाई केलेली नाही."

मास्तर हसू दाबत होते. मी त्यांच्याकडे बघून भुवया उडवल्या. ताई कपाची कड अंगठ्याने पुसत बसली. पुसत होती, पुसत होती.

मास्तर जाताना जिन्यात म्हणाले, "माझ्या बायकोबद्दल बोलली त्याची फिट्टंफाट झाली. पण मजा नाही आली हो."

मला आली. आली असं लिहिते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निघाले. आज दिवसभर प्रवास, उद्या पोहोचेन. वाटेत थांबले आहे तिथे लिहिते.

सकाळचा कप मीच दिला. नळाचं पाणी, तापवलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी धरून प्यायली.

घाईबाईला बजावून आले – पावडरीच्या डब्याला हात लावू नकोस. मी येईपर्यंत पाणीच. परत आले की सांगणार आहे तिला, सगळ्यांसमोर, मास्तर, डॉक्टर, सगळ्यांना बसवून. कसं सांगायचं ते शब्दसुद्धा जुळवून ठेवलेत. नऊ वर्षांचे आहेत, नीट सांगायला हवेत.

पिशवी उचलली तेव्हा म्हणाली, "ठोंबे, बाळाला डाव्या हाताने धर. उजव्यात टाकशील."

जाताजाताही! मी दार ओढून घेतलं.

१ मार्च, शनिवार

पोहोचले. लेकीने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, जणू मी परत वळेन म्हणून.

"मशीन पास झालं?"

म्हटलं, झालं. आणि सगळी गंमत सांगितली – पाण्याची. ती हसली नाही. माझं मनगट हातात घेऊन बसली. सुजलंय म्हणाली. मग माझा हात तिने पोटावर ठेवला. आतून लाथ बसली.

मी डावा हातही ठेवला.

२ मार्च, रविवार

घाईबाईचा फोन. घाईतच बोलली.

"मावशी, काल पाणी दिलं, प्यायल्या. वर विचारत होत्या, पोचली का, पोचली का. म्हटलं अजून कळलं नाही. आज सांगितलं, पोचल्या, लेकीजवळ आहेत. पाण्याचा कप हातात दिला, तर एक घोट घेतला आणि थुंकल्या. म्हणाल्या, 'आता पावडर घाल. आठ दिवस झाले, नुसतं पाणी पितेय.'"